ताराचंदचा रंगीत लॉग

ताराचंद चहासुद्धा तीन ओळींत मागायचा. "चहा." मग थांबून, "टपरीवरचा." आणखी थांबून, "अट: साखर नाई." टपरीवाला म्हणायचा, भाऊ, तुमची अट येईस्तोवर साखर पडून जाते.

चामोर्शीतल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णांची यादी संगणकावर होती. ती ताराचंद सांभाळायचा, व्यवस्थापक मी. यादीसाठी संगणकाला दिलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद आपोआप होई, तो लॉग. आम्हाला ती नुसती काळी गिचमीड. ताराचंदनं ती ओळी पाडून रंगवली होती. यादीत काही पाहिलं की हिरवं, बदललं की पिवळं, पुसलं की लाल. कोणाचं पुसायचं ती अट नेहमी खाली, वेगळ्या ओळीवर. अट दिलीच नाही तर ती ओळ कोरी, आणि हुकूम सगळ्या यादीला लागू.

"कोरी दिसली पायजे, साहेब. नाई तं सारेच जातेत."

मी त्याला रांगोळीवाली बाई म्हणायचो. तो म्हणे, रांगोळी उद्या परत काढता येते.

एका दुपारी तो डबा खायला गेला. एक नाव यादीत दोनदा आलं होतं. ते पुसायला मी त्याच्या संगणकावर बसलो. अट द्यायची राहिली. सगळी यादी गेली.

चार महिन्यांपूर्वीची प्रत होती. त्यानंतरची नावं कुठेच नव्हती. विश्वस्तांपुढे ताराचंदनं लॉगचा कागद ठेवला: लाल ओळ, खाली कोरी जागा, वेळ जेवणाची. हुकूम मात्र त्याच्या नावावर. मी म्हणालो, संगणक तर याच्याच ताब्यात असतो.

"उघडा सोडून गेलतो मी," तो म्हणाला. "चूक माहीच."

त्याला काढलं. मी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो.

सहा वर्षांनी पोंभुर्ण्याला त्याच्या घरी गेलो. एकटाच राहतो. कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यानं पाण्याचा गडवा पुढे केला. "मालूम हाये मले. पानी घ्या."

गडवा परत घेत म्हणाला, "यादी गेली त्याच आठवड्यात एक पोरगी तिच्यात चढवली होती मी. सात वर्षांची. माय म्हने, पाय लई दुखतेत इचे. तिले गोळ्या जाऊन राह्यल्या काय?"

यादीत नाव असेल त्यालाच गोळ्या जायच्या. मी कधी चौकशीच केली नव्हती. गाव कोणतं, मी विचारलं.

"तेच तं आठवत नाई. म्हनून बाजाराच्या दिवशी चामोर्शीले जाऊन बसतो. पोरगी आता तेरा वर्षांची असन. माय तरी ओळखू येईन."