तीस कोंबड्या आणि एक कंट्रोल

शिवानंदने मला फसवलं. दोन वर्षं फसवलं, तेही दर रविवारी माझ्याच घरी जेवून.

अक्कलकोट रोडला माझा अंडी उबवण्याचा आणि कोंबड्यांचा धंदा आहे. सायकलवर अंडी विकत मी इथवर आलो. व्यवहारात मला कुणी गंडवलेलं नाही. शिवानंद हा काडीपैलवान विषाणूशास्त्रात पीएचडी करायला सोलापुरात आला आणि माझ्याकडे दहा दिवस उबवलेली अंडी मागू लागला. मी सांगितलेला भाव त्याने तिथल्या तिथे कबूल केला. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

"काय करतोस या अंड्यांचं?"

"कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचा विषाणू वाढवतो, चाचा. त्याला जिवंत घर लागतंय की."

त्याचा शब्द एकच, कंट्रोल. लस दिलेल्या कोंबड्यांबरोबर न दिलेल्याही ठेवायच्या, म्हणजे फरक कळतो. न दिलेल्या त्या कंट्रोल. प्रयोगात हे ठीक आहे. पण माझी बायको मुमताज एकदा म्हणाली, "माझ्या शेंगाचटणीनं सर्दी पळते." तर हा म्हणतो, "चाची, कंट्रोल कुटाय? चटणी न खाल्लेला सर्दीवाला पायजे." त्या दिवशी मला चटणी मिळाली नाही. मी सकाळपासून शिंकत होतो.

शेडच्या दारात त्याने जंतुनाशकाची पाटी ठेवली होती. पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. माझ्या मुलीला बघायला आलेले पाहुणे शेड बघू म्हणाले, तर याने होणाऱ्या व्याह्यांना नव्या बुटांसकट पाटीत उभं केलं. मी खवळलो. हा शांतपणे म्हणाला, "विषाणूला नातं कळत न्हाय, चाचा." लग्न जमलं, पण व्याही अजून बूट बाहेर काढून येतात.

तीस कोंबड्या त्याने प्रयोगासाठी माझ्या शेडमध्ये ठेवल्या. पंधरांना लस, पंधरा कंट्रोल. दर रविवारी पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचा आणि घेताना कोंबडीशी कानडीत बोलत राहायचा. वर्षभराने म्हणाला, "आता लई मोठं काम हाय. रक्तातली ताकद जन्मभर किती टिकते ते बघायचं. मरेपर्यंत पोसावं लागतंय." मी अट घातली, प्रबंधात माझं नाव पाहिजे. तो हो म्हणाला. हाही सौदा त्याने घासाघीस न करता मान्य केला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गेल्या महिन्यात तो डॉक्टर झाला आणि परदेशातल्या प्रयोगशाळेत निघून गेला. जाताना मला वही दिली, "कोंबड्यांच्या नोंदी चालू ठेवा, चाचा." मी ती न उघडताच कपाटात ठेवली.

परवा त्याच्या गाइड मॅडम अंडी न्यायला आल्या. मी ऐटीत विचारलं, "जन्मभराच्या प्रयोगाचा निकाल कधी?"

"कसला जन्मभर? तो प्रयोग दोन वर्षांपूर्वीच संपला. नियमाप्रमाणे त्या कोंबड्या तेव्हाच मारायच्या होत्या. मारल्या असंच सांगितलं त्यानं मला."

मी संतापून वही उघडली. दोन वर्षांत रक्ताची एकही नोंद नाही. "सात नंबर लंगडते. बारा नंबर चाचांवर रुसली." शेवटच्या पानावर एवढंच होतं: "रविवार: दोन भाकरी, चाचांच्या तीन शिव्या, चाचीशी तासभर गप्पा. कंट्रोल: सोमवार ते शनिवार. होस्टेल. कुणाशीच बोललो नाही."

मुमताजने वही माझ्या हातातून घेतली आणि पदराला डोळे पुसत आत गेली.

अकरा कोंबड्या उरल्यात. एकही अंडं देत नाही. रविवारी दाराकडे तोंड करून बसतात आणि मी गेलो तर उठतसुद्धा नाहीत. शिवानंद, याचा जाब तुला द्यावा लागेल. फोनवर चालणार नाही. रविवारी यायचं, पाटीत पाय बुडवायचे आणि या अकरा जणींसमोर उभं राहून सांगायचं: नुसतं जेवायला येतो म्हणाला असतास, तर मी नको म्हटलं असतं का?