चिमाचा मासा आणि हणम्याचा धबधबा

एका जंगलात, नदीकाठच्या बिळात, वत्सी नावाची पाणमांजर राहत होती. तिला दोन पिल्लं. थोरली चिमा, धाकटा हणम्या. एका आईच्या दोन पिल्लांचे स्वभाव दोन तऱ्हेचे असतात, हे बाळांनो तुम्हालाही ठाऊक आहे. पण तुम्ही अजून शिकलेले नाही. वत्सी शिकलेली होती. तिला ते तज्ज्ञाकडून समजून घ्यायचं होतं.

शाळेत बगळेसरांनी मातीची एकेक वस्तू करून आणायला सांगितली. चिमानं मासा केला. चार दिवस ती काडीच्या टोकानं एकेक खवला उमटवत बसली. शेपटी वाकडी झाली म्हणून तिनं तो दोनदा मोडला. हणम्यानं एका दमात चिखलाचा ढीग थापला, त्यावर शेपटीचे फटकारे मारले आणि हा धबधबा आहे म्हणून सांगितलं. अर्धा धबधबा त्याच्या कानांत गेला होता. तो वत्सीनंच धुऊन काढला.

दोन्ही वस्तू आणि दोन्ही पिल्लं घेऊन ती वडाच्या ढोलीतल्या घुबडशास्त्र्यांकडे गेली. मुलांची कला पाहून ते स्वभाव सांगत आणि तसं प्रमाणपत्र देत. वेळ भर दुपारची होती. शास्त्र्यांनी उजेडात डोळे किलकिले केले, मासा हणम्यापुढे सरकवला, धबधबा चिमापुढे. मुलगा शांत आणि चिकाटीचा आहे, त्याला बैठं काम द्या, ते म्हणाले. मुलगी धाडसी आहे, तिला कड्यावरून उड्या मारायला शिकवा.

"पण मासा मी केलाय," चिमा हळूच म्हणाली.

शास्त्री प्रसन्न झाले. "पाहिलंत? आपलंच काम नाकारणं, हे या स्वभावाचं पहिलं लक्षण."

वत्सीला क्षणभर हणम्याचे कान आठवले. पण शास्त्र्यांसमोर कानांचा विषय कसा काढायचा? तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून हणम्या काठावर बसून गोटे आकारानं लावू लागला. आठवडाभरात त्याची बडबड बंद झाली, जेवणही कमी झालं. पोरगा किती शांत झालाय, असं वत्सी शेजारणींना सांगत सुटली. चिमा पाण्यात पाय घालून अंदाज घेतल्याशिवाय कधी उतरत नसे. तिला आता रोज पाणकावळ्याच्या वर्गात कड्यावर उभं करत. ती डोळे मिटून उडी मारी आणि घरी येऊन थरथरत झोपे.

एके दिवशी ती खडकावर आपटली आणि भोवऱ्यात सापडली. हणम्यानं हातातला गोटा टाकला, पाण्यात झेपावला आणि तिला मानेला धरून बाहेर काढलं. चिमाचा मागचा पाय मोडला होता.

वत्सी तडक ढोलीकडे गेली. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. "शास्त्रीबुवा, माझी पोर मेली असती."

"पण मेली नाही," शास्त्री शांतपणे म्हणाले. "महिनाभर गोटे लावले नसते, तर भावाला इतकी अचूक उडी साधली असती का?"

वत्सीनं विचार केला. खरंच की. तिला एकदम हलकं वाटलं. शास्त्र्यांनी दोन्ही प्रमाणपत्रं आणखी एका वर्षासाठी वाढवून दिली.

चिमाचा पाय जुळला, पण वाकडा. आई मासे पकडायला गेली की ती लंगडत काठावर जाई आणि हणम्याचे गोटे लावून देई. हणम्या तिच्या नावानं कड्यावरून उड्या मारून येई. पाणकावळा हजेरीपुरतं बघत असे. आई परतायच्या आत दोघं आपापल्या जागी बसत.

संध्याकाळी वत्सी गोट्यांच्या सरळ रांगा पाही, पाणकावळ्याचा शेरा वाची आणि शास्त्र्यांच्या नावानं हात जोडी.

तात्पर्य : मूल आणि प्रमाणपत्र जुळत नसेल, तर मूल दुरुस्त करून घ्यावं. मुलावर शिक्का नसतो.