गफूरभाईंची झडती

गफूरभाईंच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी झडती द्यायची. त्यातून नवरदेवाचीही सुटका नव्हती.

गफूरभाई तुळजापूर-वाशी गाडीवर कंडक्टर होते आणि मी वाशीच्या शाळेत मास्तर. घर तुळजापुरात, त्यामुळं शनिवारी येताना आणि सोमवारी जाताना आमची गाठ ठरलेली. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर ठेवून ते दार अडवून उभे राहत. "ठैरा. हत्यार काढा." मग शेतावर निघालेल्या बायांचे विळे, खुरपी, सुताराची पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, सगळं एका पोत्यात जाई आणि पोतं त्यांच्या सीटखाली. उतरताना ज्याचं त्याला परत. एकदा दोघींच्या विळ्यांची अदलाबदल झाली. त्या दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि गफूरभाईंशी तर दोन महिने.

माझ्या पिशवीत शाळेचा कंपास सापडला, तेव्हा त्यांनी त्याचं टोक बोटाला लावून पाहिलं. "गुर्जी, ह्ये तुमी पोरांच्या हातात देता?" असं म्हणून तोही पोत्यात टाकला.

एकदा येडशीला वऱ्हाड चढलं. नवरदेवाच्या हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू.

"लिंबू राहू द्या. कट्यार द्या," गफूरभाई म्हणाले.

नवरदेवाची आई पुढं आली. "लगीन लागंस्तवर ती हातातनं सोडायची नसती!"

"मावशी, यानं ती डायव्हरच्या मानंला लावली तर आपण लग्नाला पोचणार हाव का?"

नवरदेव बिचारा घाबरून घामाघूम झाला होता. तो कुणाच्या मानेला काय लावणार! पण गफूरभाई हटले नाहीत. शेवटी तडजोड अशी निघाली, की नवरदेवानं कंडक्टरशेजारी बसायचं, मूठ त्यानं धरायची आणि पातं फडक्यात गुंडाळून गफूरभाईंनी. वाशी येईपर्यंत दोघं तसेच एक कट्यार धरून बसले होते. वऱ्हाडातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

लोक त्यांना 'झडतीवाला' म्हणत. त्यांच्या कानावर ते जाई. झडती काही थांबत नसे.

निजामी जाऊन तेव्हा तेरा-चौदा वर्षं झाली असतील. एका सोमवारी मी गाडीत वर्तमानपत्र वाचत होतो. अमेरिकेत एकानं पिस्तूल दाखवून उडतं विमान भलत्याच देशात नेलं, अशी बातमी होती. मी ती गफूरभाईंना वाचून दाखवली. त्यांनी तिकिटं फाडायची थांबवली.

"विमानात कंडक्टर असतो का, गुर्जी?"

"बाई असतात म्हणे. हवाई सुंदरी."

"झडती घेतात?"

"नाही. गोळ्या देतात. लिमलेटच्या."

"लिमलेट!" गफूरभाईंनी कपाळाला हात लावला. "मग पळवतील न्हाय तर काय करतील!"

तिथून पुढं तासभर त्यांनी बस आणि विमान यांचा मुकाबला लावला. "आमची गाडी पळवून न्येनार कुठं? येरमाळ्याच्या घाटात पानी पिल्याबिगर ती हलत न्हाय. तवर लोक खिडकीतनं उड्या टाकून ज्वारीत पसार. विमानातला मानूस उडी कुठं टाकंल? आन् डायव्हरच्या पाठीमागं बसून ध्यान कोन ठिवतं? लिमलेटवाली?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. गफूरभाई हसत नव्हते. वाशीला मी उतरताना त्यांनी ते वर्तमानपत्र माझ्याकडून मागून घेतलं.

पुढच्या शनिवारी ते मला स्टँडवर बाजूला घेऊन गेले. "गुर्जी, तुमाला इंग्रजी येतं. विमान कंपनीला एक अर्ज लिवायचा हाय."

"कशाबद्दल?"

"माझी आपा येतेय. कराचीहून मुंबईला, विमानानं."

सहा वर्षांच्या ओळखीत त्यांना बहीण आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीनं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. मी कागद काढला. गफूरभाई सांगू लागले. दारात झडती घ्यावी. घोंगडी असेल तर उलगडून बघावी. मानूस बांबू हायती म्हनाला तरी त्याच्यावर इश्वास ठिवू नये.

"विमानात घोंगडी कोण आणणार, गफूरभाई?"

ते खाली बघत बोलू लागले.

"निजामी जायच्या आधीचं साल. म्या तवा एका खासगी मोटारीवर कंडक्टर व्हतो. त्या दिवशी आपा आन् तिचं मालक, दुल्हाभाईबी मोटारीत व्हते. बाजाराचा दिवस. चार गडी आले, घोंगडीत कायतरी गुंडाळलेलं. बांबू हायती म्हनले. म्या सोता हात दिऊन वर घेतले. घाटाच्या पुढं त्यांनी कुऱ्हाडी काढल्या. एक डायव्हरच्या मानंला लावली आन् मोटार गाडीवाटंनं डोंगरात नेली. समद्यांचं लुटलं. आपाच्या कानातलं वरबाडलं. रगत निघालं. म्या बघत उभा. सा म्हैन्यात ती कराचीला गेली. माझ्यामुळं गेली, गुर्जी. तिची खतं येतात, दर ईदला. म्या एकाचंबी उत्तर दिलं न्हाय. काय तोंडानं लिवू?"

अर्ज मी इंग्रजीत लिहून पाठवला, घोंगडीसकट. उत्तर आलं नाही. आपा मात्र सुखरूप आल्या.

त्या महिनाभर तुळजापुरात राहिल्या. गोऱ्या, ठेंगण्या, सतत पान खाणाऱ्या आणि भावाला सगळ्यांदेखत 'पोट्ट्या' म्हणणाऱ्या. गफूरभाई त्यांच्यासमोर गुपचूप मान खाली घालून जेवत, असं त्यांच्या घरचे सांगत. मनातलं त्यांनी महिनाभर काही काढलं नाही.

निघायच्या दिवशी मीही स्टँडवर गेलो. ओळखीचं एक जोडपं मुंबईपर्यंत सोबतीला होतं. आपा सोलापूरच्या गाडीत खिडकीशी बसल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तेव्हा गफूरभाई एकदम खिडकीचा गज धरून म्हणाले, "आपा, वो मोटरमें मैंच उनकू चढाया था. माफ कर."

"कौनसी मोटर?"

"वो लूटवाली. उसके वास्तेच तू गयी ना?"

आपा पान चघळायच्या थांबल्या. "अरे दिवाने! तेरे दुल्हाभाईकू उधर नौकरी मिली, इस वास्ते गये हम. वो मोटर तो मैं कबकी भूल गयी." मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून भावाचा कान धरला. "इसके वास्ते खत नहीं लिख्या तू? इत्ते बरस?"

गाडी हलली. त्यांना कान सोडावा लागला.

धूळ खाली बसेपर्यंत गफूरभाई तिथंच उभे होते. मग हॉटेलच्या बाकड्यावर येऊन बसले. चहा आला, तो निवला. त्यांनी माझ्याकडं कागद मागितला, खिशातला पेन काढला आणि उर्दूत, उजवीकडून डावीकडं भराभर लिहू लागले. मधूनच बाहीनं डोळे पुसत होते.

आपा अजून वाटेवरच्या तामलवाडीलाही पोचल्या नसतील, आणि गफूरभाईंनी माझ्याकडं दुसरा कागद मागितला.