नाही, पण सांगून

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात दाराशी कुणी विक्रेता आला, की सावंत जेवणावरून उठतात. हाताला बांगड्याचं तिखलं तसंच. त्याचं सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "नको हां. दुसरीकडे बघा." वॉचमन हाकलेल की, असं मी म्हटलं तर मलाच ऐकवतात, "नाय तर नाय, पण सांगूक होया."

सावंत आमचा फायरवॉल सांभाळतात. म्हणजे कम्प्युटरांचा वॉचमन; बाहेरून येणाऱ्या कुणाला आत सोडायचं, ते तो ठरवतो. मी सावंतांच्या हाताखाली काम करते, म्हणजे मुख्यत्वे वैतागते.

नवीन काही बसवलं की सावंतांचा पहिला नियम, सगळी दारं बंद. ठीक आहे. पण जो येऊन धडकेल त्याला 'बंद आहे' असा निरोप परत गेलाच पाहिजे. इंटरनेटचे लेखी नियम तसंच सांगतात, हे त्यांचं चहावाल्यालाही सांगून झालंय.

मग सिक्युरिटी तपासणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "उत्तर दिलंत की चोराला कळतं, घरात कुणीतरी आहे. गप्प बसायचं. नाहीतर मी पास करणार नाही."

पास नाही तर मोठं गिऱ्हाईक जाणार, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या नोकऱ्याही.

"मग समोरचा मशीन ताटकळत बसतो ना," सावंत म्हणाले. "परत परत विचारत राहतो बिचारा."

"बसू दे की."

दोघांची अशी जुंपली की माझं डोकं उठलं. शेवटी तोडगा मीच काढला. ऑफिसातल्या मशीनना उत्तर द्यायचं, बाहेरच्यांना नाही. बाई तयार झाल्या. सावंतही मान हलवून कामाला लागले. नियम लिहिला, पण एंटर काही दाबेनात. मला घरी जायचं होतं.

"अहो, मशीनच आहे ना ते," मी म्हटलं. "कोण मेलंय का?"

ते स्क्रीनकडेच बघत होते.

"पोरीनं लग्न ठरवलं तेव्हा विचारलं होतं, बाबा, येणार ना? माझ्या मनात नव्हतं. पण नाय असापण म्हणूक नाय मी. गप रवलंय."

मला वाईट वाटलं, फार.

"वाट बघत बसली गो," ते म्हणाले. "मुहूर्त टळू दिला तिनं माझ्यासाठी."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. एंटर मीच दाबलं.