मधलं चाक

सोसायटीच्या गोदामाला कुलूप कुठलं लावायचं यावर पंच बसले, तेव्हा गावात प्यायला पाणी नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ. गोदामात सरकारची लाल मिलो ज्वारी येऊन पडलेली, बाहेर बायका पिशव्या घेऊन ताटकळलेल्या, आणि आत चेअरमन आबाराव, दुकानदार शिवलिंगप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि बौद्धवाड्यातले पंच लिंबाजी तीन कुलपं पुढ्यात मांडून बसलेले.

कुलपं उमरग्याहून आणली होती. परीक्षेला बिभीषणला बोलावलं, कारण चोरीपायी तो दोनदा आत जाऊन आला होता. पहिलं पितळी कुलूप त्यानं सायकलच्या तारेनं जांभई देता देता उघडलं. दुसऱ्याला दोन किल्ल्या होत्या. एक आबारावांकडे, एक अप्पांकडे ठेवायचं ठरत होतं.

"आन म्या काय दाराला टेकू लावून बसू?" लिंबाजींनी विचारलं.

तेही बाद झालं. तिसऱ्याला किल्लीच नव्हती. आकड्यांची तीन चाकं होती, तिन्ही बरोबर जुळली तरच कडी सुटायची. बिभीषणला तार घालायला भोक सापडेना. खडी फोडायचा घण घातला तर दाराचा कोयंडा वाकला, कुलूप तसंच. ते पास झालं.

भरवसा कुणाचा कुणावर नव्हता, म्हणून एकेकानं कोपऱ्यात जाऊन आपापल्या चाकाचा आकडा ठरवला. पहिलं चाक आबारावांचं, मधलं अप्पांचं. लिंबाजींचं शेवटी ठेवलं, त्यांच्या हातानंतर आपला हात लागायला नको म्हणून. हे कुणी बोललं नाही, पण समजलं सगळ्यांना.

"चालतंय की," लिंबाजी म्हणाले. "म्हंजे कडी रोज माझ्याच हातानं सुटणार."

तहसीलची ताकीद होती, कुलूप फुटलं तर पुढची ज्वारी बंद. त्यामुळं तिघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. प्रत्येकजण धोतराचा सोगा वर घेऊन, पत्ते लपवावेत तसं चाक फिरवायचा. बायका उन्हात बघत बसायच्या.

मग अप्पांना ताप भरला.

त्यांनी आकडा सांगावा म्हणून आबाराव घरी गेले. अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. आपण जिते असताना चाकाला कुणी बोट लावलं तर पोलिसात देईन, म्हणाले. शेवटी त्यांना बाजेवर घालून गोदामापर्यंत न्यायचं ठरलं. चौघं उचलायचे, पाचवा डोक्यावर छत्री धरायचा.

ज्याच्या दुकानात मापाखाली बोट असायचं, त्या माणसाला गाव आता जपायला लागलं. कुणी काढा आणला, कुणी पाय चेपले. मारुतीला नवस झाला. मुक्ताबाईची एकच शेळी होती आणि मायबाप नसलेला नातू त्या दुधावर होता. बायकांनी तिला समजावलं, अप्पा गेले तर ज्वारी गेली, मग पोराला दूध पाजून तरी किती दिवस काढशील? तिला ते पटलं. ती रोज तांब्या घेऊन अप्पांच्या दारात जायला लागली. पोराला घरी मिलोच्या पिठाचं पाणी.

अप्पा दूध प्यायचे आणि साय कमी आहे म्हणायचे.

एका सकाळी अप्पा गेले. गावात कुणाच्याच मयतीला एवढं खरं रडणं झालं नव्हतं. त्यांना लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली आणि लोक अंघोळी न करता थेट गोदामावर आले. तसंही अंघोळीला पाणी कुठं होतं.

अप्पांचा आकडा दहातलाच एक होता, मधलं चाक फिरवून बघायचं एवढंच. पण त्यासाठी आपला आकडा आधी लावून तसाच ठेवायला आबाराव तयार होईनात. बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडं बघून आबारावांनी लावला. लिंबाजींनी लावला आणि सवयीनं कडी ओढली.

कडी सुटली. मधल्या चाकाला अजून कुणी हात लावला नव्हता. ते शून्यावर होतं, उमरग्याच्या दुकानातून आलं तसंच.

गिरिजाबाईंना, अप्पांच्या बायकोला विचारलं. त्यांनी डोळे पुसले.

"त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आकडे कुठं दिसत होते? फिरवलं तर पुन्हा घावायचं न्हाय, म्हणून नुसता हात ठेवायचे."

कुणी हसलं नाही. मुक्ताबाई नातवाला खांद्यावर टाकून उभी होती. पोर मान धरत नव्हतं.

"शेळी परवाच आटली," ती म्हणाली. "म्या सगळं दूध शून्याला पाजलं म्हना की."

दुसऱ्या दिवशी रांग लागली आणि चेअरमनच्या घरून निरोप आला. आबारावांच्या अंगात कणकण आहे, चालवत नाही, बाज पाठवा. आणि दूध गायीचं असलं तरी चालेल.

लिंबाजींनी निरोप ऐकून घेतला. कुलपापाशी बसले, आपला आकडा सगळ्यांदेखत लावला, मधलं चाक शून्यावरच ठेवलं आणि आबारावांचं चाक एकेक घर पुढं सरकवायला लागले. प्रत्येक घराला कडी ओढायची. रांगेतल्या बायका मोठ्यानं मोजायला लागल्या. साताला दार उघडलं.

तासाभरानं आबाराव पायी आले, भरभर. भरल्या पिशव्या डोक्यावर घेऊन बायका समोरून येत होत्या. त्यांनी आबारावांना वाट दिली. तब्येत मात्र कुणी विचारली नाही.