मार्सेयचे जाणकार

नोकरीच्या अर्जात छंदाच्या रकान्यात शिरीषने लिहिलं होतं, ‘मार्सेय बंदरात घडणारे फ्रेंच चित्रपट’. असा एकही चित्रपट त्याने पाहिला नव्हता. वाचन, संगीत सगळेच लिहितात. काहीतरी नेमकं लिही, म्हणजे जर्मन माणसाचा विश्वास बसतो, हा सल्ला मित्र जयंतचा. विश्वास बसला, तीच अडचण झाली.

जर्मनीतल्या येना शहरातल्या भिंगांच्या कंपनीत त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांची उमेदवारी, संपायला आठवडा होता. साहेबीण फ्राऊ लिंडनर टेबलाशी आल्या. शुक्रवारी चार वाजता कंपनीच्या सभागृहात मार्सेयचा एक चित्रपट होता आणि नंतर शिरीषने वीस मिनिटं बोलायचं होतं. पत्रकावर त्याचं नाव छापूनही झालं होतं, ‘जाणकार’ या विशेषणासकट.

"खरं सांगून टाक ना," बायको चारुलता म्हणाली.

"प्रोबेत्साइटमध्ये? कारण न देता काढतात इथे."

"आता कारणही आहे."

त्यात घरी सासरे. शरदचंद्रांची छत्तीस वर्षं मुंबई बंदरात माल तपासण्यात गेली होती. येनात माल नसल्याने ते जावयाला तपासत: कचऱ्याचे डबे, सायकलचं कुलूप, पोह्यांची फोडणी. शिरीष फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या परतीचे दिवस खोडत होता. अकरा उरले होते. पत्रकावर जहाज दिसताच तेही कपडे करून तयार झाले.

चित्रपट जर्मनमध्ये डब केलेला. साठ माणसं चिडीचूप. दहाव्या मिनिटाला क्रेनने एक भलीमोठी पेटी उचलली आणि सासरे खणखणीत मराठीत म्हणाले, "पेटी रिकामी आहे."

"अण्णा, हळू."

"अहो शिरीषराव, भरलेली पेटी अशी झुलते का? फसणार सगळे."

पुढच्या रांगेतून फ्राऊ लिंडनर वळल्या. काय म्हणतात हे, असं त्यांनी विचारलं. शिरीषने चाचरत सांगितलं. तासाभराने पडद्यावरच्या पोलिसांनी पेटी फोडली. आत काही नव्हतं. सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या.

बोलायची वेळ आली तेव्हा शिरीषने सासऱ्यांना पुढे केलं आणि स्वतः दुभाषा झाला. पहारेकरी कुठे चुकला, दोराची गाठ कशी खोटी, सील कुणी तोडलं असणार! वीस मिनिटांचा तास झाला. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत फ्राऊ लिंडनर वहीत टिपून घेत होत्या.

सोमवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं. सोबत नवं पत्रक होतं: हिवाळाभर दर महिन्याला मार्सेयचा एक चित्रपट. वक्ते, शिरीष आणि त्यांचे सासरे.

मंगळवारी सकाळी सात वाजता परदेशी नागरिकांच्या कचेरीबाहेर रांगेत पहिला शिरीष होता. सासऱ्यांचा मुक्काम वाढवायचा फॉर्म त्याने भरला. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ लिहिलेलं पाहून खिडकीतल्या बाईंनी तो परत सरकवला.

"असं सगळेच लिहितात. काहीतरी नेमकं लिहा."

शिरीषने पेन उचललं आणि लिहिलं, ‘सासऱ्यांवाचून माझं चालत नाही’. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फॉर्मवर खरं लिहिलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांचा विश्वास बसला नाही.