कॅन्टीनमध्ये छापलेली साखर

“माझी नजर वायरीतून आरपार जाते,” असं गुप्तराव स्वतःबद्दल सांगत. ऑफिसातल्या सगळ्या वायरी भिंतीत असल्यामुळे हे कुणाला पडताळता आलं नव्हतं. क्लाउड कंपनीचे ते सुरक्षाप्रमुख. गुप्तराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं, पण त्यांना ते पदवीसारखं वाटे. तपासणीचं खरं काम त्यांची सहायक करायची आणि घरी जाऊन आईपाशी कपाळ बडवायची.

त्या सकाळी, कंपनी ज्याचं नेटवर्क सांभाळायची त्या हॉस्पिटलमधून फोन आला. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात न जाता कॅन्टीनच्या प्रिंटरवर छापले जात होते. एका आजोबांचं ऑपरेशन खोळंबलं होतं, कारण चहाचे डाग पडलेल्या रिपोर्टवर डॉक्टर विश्वास ठेवायला तयार नव्हते. कॅन्टीनमध्ये मात्र आजोबांच्या रक्तातली साखर सगळ्यांना पाठ झाली होती.

“परदेशी टोळी!” गुप्तराव उठून उभे राहिले.

“सर, टोळीला आजोबांची साखर कशाला हवी?”

“तेच तर गूढ आहे.”

दहा मिनिटांत टोळी मागे पडली आणि कॅन्टीनवाले काका हेर ठरले. गुप्तरावांनी त्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

“चहात काय घालता?”

“साखर. पण आजोबांचा रिपोर्ट वाचल्यापासून जरा बेतानं.”

गुप्तरावांनी वहीत ‘कबुली’ असं लिहिलं.

“सर, मध्यवर्ती यादी तर बरोबर आहे,” सहायक म्हणाली. कुठली माहिती कुठे जायची हे त्या एकाच यादीत ठरे, आणि तिथून चाळीस स्विचना, म्हणजे माहिती वाटेला लावणाऱ्या यंत्रांना, कळवलं जाई.

“म्हणजे यादीच फितूर!”

“ताई,” फोनमधून काका म्हणाले, “हा प्रिंटर मागच्या आठवड्यापर्यंत वॉर्डातच होता. तिथे नवा आला म्हणून हा मला दिला. तुमच्यातल्या एखाद्या यंत्राला त्याची बदली कळली नसेल.”

यादी तिने दहादा तपासली होती. स्विचना विचारलंच नव्हतं. तिने एकेका स्विचमधले नियम यादीशी ताडून पाहिले. एकोणचाळीस जुळले. सतराव्यात जुनेच नियम होते, कारण त्याचं अपडेट कुणीतरी मुद्दाम बंद केलं होतं. शेजारी त्या कुणीतरीचं नावही होतं.

“सर, हे तुम्ही?”

“सापळा होता तो,” गुप्तराव खुर्चीत खचत म्हणाले. “काही बदललं असतं तर संशयित सावध झाला असता.”

“कोण संशयित?”

“ते अजून ठरायचं होतं.”

तिने अपडेट सुरू केलं. थोड्या वेळाने नर्सचा फोन आला. रिपोर्ट वॉर्डात पोचला होता आणि आजोबांना आत नेलं होतं.

संध्याकाळी गुप्तरावांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला : ‘गुन्हेगार आतलाच निघाला. त्याला कडक समज देण्यात आली आहे.’

समज तिनेच दिली होती, केबिनचं दार लावून.